दस्तगीरचाचांचे सहा कूड

दस्तगीरचाचा गेल्याचं मला मारोतराव जीनगरांच्या पोस्टकार्डावरून कळलं. कार्ड लातूरहून हदगावला यायला पाच दिवस लागले. मी ते वाचलं तेव्हा चाचांना माती देऊन आठवडा होत आला होता. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. "दस्तगीर गेला. तीन दिवस ताप होता. पायाचं काही न्हवतं. तुम्ही मनात काही आणू नका. पुस्तक तुमच्याकडं हाय, ते जपा." खाली सही, आणि सहीखाली वळण घेतलेली रेघ. मारोतराव खोगिराच्या कडेला शिवण घालायचे तशीच.

मी कार्ड खणात ठेवलं आणि वाचनालय नेहमीच्या वेळी उघडलं. दुपारपर्यंत वर्तमानपत्रं लावली, दोन पुस्तकं परत घेतली. मग पुन्हा खण उघडला. चाचांना ताप होता हे खरं असणार. पण पायाचं काही नव्हतं, हे मारोतरावांनी मला आवर्जून का कळवलं, ते माझ्याखेरीज कुणाला समजलं नसतं. ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

मी लातुरात पहिल्यांदा उतरलो तो नोकरीसाठी. तिथल्या एका वाचनालयात ग्रंथपालाची जागा मिळाली होती. हातात पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते. त्यातल्या एका टांग्याची घोडी तांबूस, अंगानं भरलेली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला माणूस मात्र काटकुळा, उंच, दाढी मेंदीनं रंगवलेली.

"कुठं जायचं, मास्तर?"

"मी मास्तर नाही. वाचनालयात आलोय."

"पुस्तकं सांभाळतो तो मास्तरच की. बसा."

मला आधी खोली शोधायची होती. ते म्हणाले, दाखवतो. वाटेत त्यांनी माझं नाव, गाव, समाज विचारून घेतला. पहिल्या घरापाशी टांगा थांबला आणि मी उतरायच्या आत त्यांनी बसल्या जागेवरून हाक दिली, "मालक, खोली बघायला आलोय. मास्तर बौद्ध हायेत. चालत असंल तर दार उघडा, न्हाई तर टांगा वळवतो."

दार उघडलं नाही. मी कानापर्यंत तापलो. गावात पाऊल टाकून अर्धा तास झाला नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगायला लावलं होतं?" मी म्हणालो.

"कुणी न्हाई." त्यांनी घोडी वळवली. "पण आज न्हाई सांगितलं तर दोन महिन्यानं कळंल. तवा ट्रंक बाहेर येईल, तुम्ही तोंडावर पडाल. आधी दिसलेलं बरं असतंय."

दुसरं दार गेलं, तिसरंही गेलं. चौथ्या दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बौद्ध हायेत ते कळलं बाबा. विडी ओढतेत का ते सांग. मला धूर सोसत न्हाई." त्या खोलीत मी लातूर सोडेपर्यंत राहिलो. चाचांवरचा राग मात्र दोनेक महिने गेला नाही.

तो राग असतानाच एका सकाळी ते वाचनालयात आले. आमच्या दाराला जुन्या पद्धतीचा उंच उंबरा होता. बाकीचे लोक त्यावरून बोलत बोलत यायचे. चाचा उंबऱ्यापाशी थांबले, त्याच्या बुडाकडे नीट पाहिलं, तीन पावलं मागे गेले, आणि ओठांत काहीतरी मोजत तीन पावलं पुढे येऊन तो ओलांडला. त्यानंतर शेकडो वेळा त्यांना तसं करताना पाहिलं. गटार असो, नाली असो, मशिदीची पायरी असो. लोक हसायचे. त्यांचं लक्ष नसायचं.

"मास्तर, घोड्याचं पुस्तक हाय का? उडीच्या शर्यतीचं?"

तरुणपणी ते सिकंदराबादच्या छावणीत कामाला होते. निजामाच्या अमलातले दिवस. तिथले गोरे अधिकारी घोड्यांच्या शर्यती लावायचे, त्यातली एक साध्या मैदानावरची, आणि दुसरी वाटेत कुंपणं, चर आणि पाण्याचे खड्डे घातलेली. घोड्यानं स्वाराला घेऊन ते सगळं उडून पार करायचं. पोलीस ॲक्शननंतर छावणीतलं काम सुटलं आणि शिरूर अनंतपाळकडचा हा माणूस लातुरात येऊन टांगा हाकू लागला. गावात सगळे धरून चालले होते की दस्तगीर पूर्वी मोठा स्वार होता. चाचा हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत.

वाचनालयात जुन्या कुठल्याशा क्लबाची इंग्रजी पुस्तकं एका कपाटात पडून होती. त्यात तसं पुस्तक निघालं. तपकिरी कापडाचं, पहिली काही पानं गेलेलं, मधे मधे चित्रं. पहिल्याच चित्रात एक निमुळत्या मनोऱ्याचं चर्च आणि त्याच्या दिशेनं झेपावणारे दोन घोडेस्वार. चाचांनी ते चित्र खिडकीशी नेऊन पाहिलं.

"हे काय लिहिलंय?"

मी वाचून सांगितलं. आयर्लंड नावाच्या देशात, दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी, दोन शेजाऱ्यांचा वाद झाला, घोडा कुणाचा चांगला. शर्यत ठरली. पण रस्त्यानं नाही. एका गावाच्या चर्चपासून दुसऱ्या गावाच्या चर्चपर्यंत, नाकासमोर. मधे शेताचे बांध येवोत, दगडी भिंती येवोत, ओढा येवो. दुसऱ्या चर्चचा मनोरा लांबून दिसतो, तो धरून पळत राहायचं.

"दोघंच?"

"पहिल्यांदा दोघंच."

"साहेब लोक?"

"शेजारी होते, एवढंच लिहिलंय."

दर रविवारी दुपारी ते येऊ लागले. मी एक पान वाचायचो, मग मराठीत सांगायचो. त्यांच्याबरोबर बऱ्याचदा मारोतराव असत. मारोतरावांचं खोगीर-लगामाचं दुकान गंजगोलाईच्या मागल्या बाजूला होतं. दोघं बरोबरीचे, एकमेकांना अरेतुरे करणारे. मारोतरावांना पुस्तकात रस नव्हता. ते येत ते दस्तगीरला टोचायला.

"मास्तर, ह्याला इचारा, हा किती येळा पडला छावणीत. ते पुस्तकात असंल बघा."

"मारोत्या, गप. टाका मारायचा तर चामड्याला मार."

चाचांचे प्रश्न ठरलेले असत. घोड्याचं नाव लिहिलंय का? कुंपण कशाचं होतं? आणि एखाद्या शर्यतीचं वर्णन संपलं की, "किती मेले?" पुस्तकात इंग्लंडातल्या एका फार मोठ्या शर्यतीवर सबंध प्रकरण होतं. तीस उड्या, चार मैलांहून जास्त अंतर, दर वर्षी वसंतात, आणि बघायला माणसांचा समुद्र. त्यातल्या एका वर्षीच्या पानांवर एका चराशी घोडे एकावर एक कोसळल्याची हकिगत होती. ती मला वाचवेना. मी दोन पानं एकदम उलटून पुढचं सांगायला लागलो.

चाचा ऐकत होते. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "मास्तर, दोन पानं सोबत गेली."

मी मागे येऊन वाचलं. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि घोड्यांची जी दोन नावं त्या पानावर होती, त्यांच्याखाली बारीक रेघ मारली. वाचनालयाच्या पुस्तकावर खूण करू द्यायची नसते. मी पान सपाट धरून ठेवलं.

त्या दिवशी त्यांनी मला कूड समजावून सांगितला. मी बोलताना 'अडथळा' म्हणत होतो, ते त्यांना खटकायचं. ते कूडच म्हणत. आपल्याकडे तुराट्यांची, तुरीच्या वाळल्या काटक्यांची, भिंत उभी करतात तसा कूड. तुराट्या उभ्या रोवायच्या, मधे कपाशीच्या पळाट्या भरायच्या, आणि वरच्या दोन विती कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या, म्हणजे घोड्याचं पोट घासलं तरी टोचत नाही. ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा बुडाशी आडवा टाकलेला ओंडका.

"घोडा उडी मारताना वर बघत न्हाई, मास्तर. बुडाकडं बघतो. जमीन कुठं संपली, कूड कुठं लागला, ते त्याला दिसलं पायजे. ओंडका न्हाई टाकला तर त्याचा अंदाज चुकतो. चुकला की मान मोडते. छावणीत एक साहेब होता, मुद्दाम ओंडके काढायला लावायचा. लोकांना पडझड बघायला मजा येते म्हणून."

"मग तुम्ही काय करायचे?"

"काढायचो. शर्यत लागायच्या आधी परत टाकायचो. दोनदा मार खाल्ला."

तेव्हा मला ती चार दारं आठवली. राग त्या रविवारी गेला.

आणि त्याच रविवारी, मारोतराव नसताना, त्यांनी सांगून टाकलं, "मी स्वार न्हवतो, मास्तर. कूड बांधायचो. शर्यतीत कुडापाशी उभा राहायचो. घोडे गेले की मोडलेलं परत बांधायचं. किती घोडे डोक्यावरून गेले. आपण न्हाई कधी." मग म्हणाले, "मारोत्याला सांगू नका. जगू द्यायचा न्हाई."

पुस्तकातलं आणखी एक पान त्यांच्या मनात रुतलं. आयर्लंडात ह्या शर्यती शेतकऱ्यांच्या आहेत, असं तिथे लिहिलं होतं. खेड्याबाहेरच्या रानात लागतात, गाड्या जोडून बायकापोरं येतात, नांगराच्या कामातून सुटलेला घोडासुद्धा कधीकधी पळतो. मी ते सांगितल्यावर चाचा उठून उभेच राहिले.

"शेतकरी? बघायला?"

"बघायला आणि पळवायलाही."

"मला वाटायचं साहेबांचा खेळ हाय. साहेब गेले, खेळ गेला." ते खिडकीपाशी गेले. "मग आपल्याकडं का होऊ न्हाई?"

तेव्हापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपल्या गावात, आपल्या माणसांच्या घोड्यांची उडीची शर्यत लागावी, कूड त्यांनी बांधलेले असावेत, आणि एकही घोडा पडू नये.

एका ओळखीच्या माणसाचा गावाबाहेर पडीक माळ होता. त्यावर त्यांनी सहा कूड उभे केले. रोज दुपारी गिऱ्हाईक नसायचं त्या वेळात जायचे. तीन टांगेवाले तयार झाले, खेड्यातले दोन घोडे ठरले. चाचांची मैना घोडी तर दिवसाआड कुडांवरून जायची. तिच्यावर महेबूब नावाचा पोरगेला टांगेवाला बसे, ज्याला पुढे चाचांनी मुलगी दिली. मुलीच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं, हे चाचांनी सोयरीक बोलायच्या पहिल्या वाक्यात सांगून टाकलं. महेबूबचा बाप म्हणाला म्हणे, "आमच्या पोराची बडबड बघता, एक कान पुरे हाय." असा तो महेबूब. दिवाळीनंतर शर्यत लावायची, असं ठरत आलं होतं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षीही बेताचाच होता. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी काय वेगळं लिहिणार. मला माळावरचे सहा कूड आठवतात. सगळीकडे उघडं रान, झाडाला पाला नाही, आणि मधे पिवळ्या कडब्याचे सहा माथे. गुरं बांधून ठेवली तरी माना तिकडे करायची.

पहिला कूड मैनेनं खाल्ला. म्हणजे चाचांनी पेंढ्या सोडून तिच्यापुढे टाकल्या. ती गाभण होती. गुरांसाठी छावणी निघाली, तिथे ते घोडीला घेऊन गेले. दारावरच्या माणसानं वहीत पाहून सांगितलं, गाय, बैल, म्हैस एवढंच आहे, घोडा ह्यात नाही. चाचा परत आले.

"त्याची काय चूक, मास्तर. वहीत न्हाई तर न्हाई."

एका सकाळी मी त्यांच्याबरोबर माळावर गेलो. लांबूनच दिसलं, कुणीतरी दुसऱ्या कुडाशी ओणवं होतं. आमच्या वस्तीतली एक बाई कडबा उपसत होती. सुतळीची गाठ आवळून बांधलेली, ती तिला सुटत नव्हती. बोटं रक्ताळलेली. आम्हाला पाहून ती तशीच उभी राहिली. पळाली नाही. बहुतेक पळायची ताकद नव्हती.

चाचा तिच्याकडे गेलेच नाहीत. तिसऱ्या कुडापाशी गेले, खिशातून चाकू काढला आणि त्याच्या सगळ्या गाठी एकेक करून कापल्या. मग चौथ्याच्या. पाचव्याच्या. सहाव्यापाशी जरा थांबले.

"हा मैनेला राहू द्या," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले. मग त्याच्याही अर्ध्या गाठी कापल्या.

दोन दिवसांत माळावर नुसत्या तुराट्या उभ्या राहिल्या. पुढे त्याही सरपणाला गेल्या. सहा ओंडके तेवढे कुणी नेले नाहीत, ते फार जड होते. चाचा अधूनमधून जाऊन त्यांच्यावरून चालत, तीन पावलं मोजत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मारोतराव एकदा बरोबर गेले. आल्यावर मला म्हणाले, "नुसते ओंडके ओलांडतोय आन् म्हणतोय कसा, हिथं जरा चढ हाय, घोड्याला आधी कळायला पायजे. हाय का आता." पण बोलताना हसले नाहीत.

मैना जगली. तिला शिंगरू झालं, तांबूस, कपाळावर पांढरी रेघ. नाव बिजली. मैनेचे गुडघे मात्र त्या वर्षात गेले, ती पुन्हा कधी उडाली नाही.

मग दहा वर्षं गेली. टांगे कमी होऊन रिक्षा आल्या. बाकीचे टांगेवाले एकेक करून कामं बदलत गेले. रविवारचं वाचन चालू होतं. पुस्तक संपलं की आम्ही पहिल्यापासून सुरू करायचो.

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावभर पताका लागल्या. कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या, परगावचे साहेब भाड्याच्या खोल्या शोधू लागले. काही महिन्यांनी मैदानावर मोठा सोहळा ठरला. लेझीम, कुस्त्या, ढोल, सगळं. समितीतल्या एका उत्साही गृहस्थांना कुणीतरी चाचांच्या कुडांबद्दल सांगितलं. ते स्वतः टांग्यापाशी आले. घोड्यांच्या उड्यांची शर्यत! शेजारच्या कुठल्याच जिल्ह्यात नसेल!

चाचा पासष्टीच्या पुढचे. त्या महिन्यात ते तिशीतले झाले. तुराट्या स्वतः निवडल्या. कडब्याच्या पेंढ्या एकसारख्या छाटल्या. माळावरचे सहा ओंडके बैलगाडीनं आणवले. घोडे पाच ठरले, दोन टांग्याचे, तीन खेड्यांतून. प्रत्येक घोड्याला प्रत्येक कुडापाशी नेऊन, थांबवून, हुंगू दिलं. स्वारांना पायी फिरवून पावलं मोजायला लावली. मारोतरावांनी पाचही खोगिरं तपासली आणि एकाचा पट्टा नवा घातला.

"पडला तर माझ्या पट्ट्यावर ढकलशील, म्हणून," ते म्हणाले.

"कुणी पडणार न्हाई."

"असं म्हणून तू स्वतः किती येळा पडलास?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी पताकांकडे पाहू लागलो.

सोहळ्याच्या दिवशी दुपारच्या नमाजाला चाचा गेले तेव्हा सहाही कूड जागच्या जागी होते. ते परत येईपर्यंत घोडे रेघेवर उभे राहिले होते आणि मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. मी दुसऱ्या टोकाला, शेवटच्या कुडाशी होतो. त्या मधल्या वेळात समितीतल्या गृहस्थांनी येऊन कूड पाहिले होते. त्यांना ते वाळके, पिवळे, कसेसेच वाटले. नवा जिल्हा, पाहुणे येणार, आणि हे काय दुष्काळी? त्यांनी कुणाच्या तरी बागायतातून ट्रॅक्टरभर हिरवं कडवळ, कोवळ्या ज्वारीचा चारा, आणवलं आणि सहाही कूड त्यानं मढवले. दिसत सुंदर होते, खरं सांगायचं तर. मला स्वतःला ते आवडले. चाचांनीच करायला सांगितलं असेल असं वाटलं. मी चौकशी केली नाही, ही माझी चूक.

चाचांनी ते लांबून पाहिलं. ते हात वर करून, ओरडत, गर्दीतून धावत येताना मला दिसले. पण बँड जोरात वाजत होता. निशाण पडलं.

पाचही घोडे चांगले सुटले. लोकांनी आरोळी ठोकली. सगळ्यांत पुढे खेड्यातला एक काळा घोडा, त्याच्यामागे बिजलीवर महेबूब. काळा घोडा पहिल्या कुडापाशी आला, कान टवकारले, चारी पाय रोवून थांबला, आणि तोंड कडवळात घातलं. स्वार त्याच्या मानेवरून घसरून अलगद कुडावर जाऊन बसला. मागचे चौघे येऊन त्याच्या बाजूला उभे राहिले. पाच घोडे, एका ओळीत, शेपट्या हलवत, खात होते.

मैदानात जो हशा उठला तसा मी आजवर ऐकलेला नाही. मंचावरचे पाहुणे हसत होते. लेझीमवाल्या मुली हसत होत्या. मारोतरावांचा आवाज सगळ्यांच्या वर, "दस्तगीर! तुझे कूड लई चवदार निघाले की रे!"

समितीतले गृहस्थ तेवढे लाल झाले होते. त्यांनी एका स्वाराला खूण केली आणि त्यानं चाबूक उचलला. तोपर्यंत चाचा पोचले होते. धापा टाकत त्यांनी चाबकाचा हात धरला.

"मारू नका. खाऊ द्या."

"अहो, शर्यत!"

"खाऊ द्या साहेब. बहात्तरला ह्यांच्या आयांना हिरवं दाखवायलासुद्धा न्हवतं. समोर ठिवलंय आपण. ते काय करतील?"

ते स्वतः प्रत्येक घोड्यापाशी गेले आणि तोंडातली लोखंडी कडी अडू नये म्हणून लगाम सैल केले. हशा हळूहळू कमी झाला. मग कुस्त्या लागल्या आणि माणसं तिकडे गेली.

ऊन उतरल्यावर आम्ही चौघं तिथे उरलो. चाचा, मारोतराव, महेबूब आणि मी. बाकीचे घोडे गावांकडे निघून गेले होते. चाचा एकेका कुडावरचं कडवळ काढून बाजूला रचत होते. आम्ही हात लावला. सगळं काढून झाल्यावर कूड पुन्हा पिवळे, नीटस, जसे बांधले तसे दिसू लागले. एकही पेंढी हलली नव्हती.

"अब्बा," महेबूब म्हणाला, "बिजलीला एकदा नेऊ का?"

चाचा शेवटच्या कुडापाशी जाऊन उभे राहिले, जसे छावणीत राहत असतील तसे, जरा बाजूला, हात मागे बांधून. महेबूबनं घोडी सुरुवातीला नेली आणि सोडली. मी घोड्यांबद्दल फक्त वाचलेलं. ती पहिल्यावरून गेली तेव्हा मला फक्त एक तांबूस वळसा दिसला. दुसरा, तिसरा. टापांचा आवाज, मग आवाज नाही, मग पुन्हा टापा. चाचा घोडीकडे पाहत नव्हते. ओंडक्याकडे पाहत होते आणि ओठ हलत होते. एक, दोन, तीन. सहाव्या कुडाचा कडबा घोडीच्या पोटाला घासून सळसळला आणि ती पलीकडे होती.

मारोतरावांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "झाली की रे तुझी शर्यत."

"न्हाई." चाचा खाली वाकून कडब्याच्या मोडलेल्या दोन ताटांना सरळ करत होते. "ही रपेट झाली. शर्यतीला दुसरा लागतो, मारोत्या. मास्तरांना इचार. पुस्तकात दोघं होते."

समितीनं पुन्हा कधी बोलावलं नाही. पुढच्या वर्षी बिजली एका गाववाल्याकडे गेली, चाचांनी टांगा मोडला. महेबूबला एका गोदामात काम लागलं. गावात मात्र दस्तगीर म्हटलं की लोकांना ते पाच घोडे आठवत आणि सांगणारा सांगायच्या आधीच हसू लागे. चाचाही हसत. रविवारी येत राहिले. त्या दोन रेघा मारलेल्या घोड्यांच्या पानावर आलो की म्हणायचे, वाचा, सोडू नका.

माझी वाचनालयातली नोकरी सुटून हदगावला दुसरी जागा मिळाली. निघताना मी ते पुस्तक रीतसर अर्ज करून रद्दीच्या यादीतून काढून घेतलं आणि चाचांना द्यायला गेलो. त्यांनी घेतलं नाही. "मला कुठं वाचता येतंय. तुमच्यापाशी राहू द्या. घोड्यांची नावं हायेत त्यात."

त्या दिवसांत गावात नव्या पाण्याच्या नळासाठी चर खणत होते. गंजगोलाईजवळच्या रस्त्यात असाच एक चर आडवा गेलेला होता, हात-सव्वा हात रुंद. लोक फळीवरून जात. माझी बस स्टँडवरून निघाली आणि तिथेच गर्दीत अडकली. मी खिडकीपाशी होतो. समोर मशिदीचा मिनार, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला देवळाचा कळस, आणि मधे चराच्या कडेला दोन म्हातारे. चाचा चराच्या बुडाकडे पाहत होते. पायानं कडेची माती चाचपली. कुणीतरी टाकलेली एक वाशाची काठी उचलून त्यांनी चराच्या अलीकडे आडवी ठेवली आणि पायानं नीट केली. मग वळले आणि तीन पावलं मागे आले.

मारोतराव कमरेवर हात ठेवून काहीतरी बोलत होते, चेहऱ्यावरून टोमणाच असावा. चाचांनी उत्तर दिलं. दोन शब्द असतील. मारोतराव थांबले. मग त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला, चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि येऊन चाचांच्या शेजारी, त्याच रेघेत उभे राहिले.

मी खिडकीतून हात केला. मारोतरावांनी तो पाहिला. चाचांनी पाहिला नाही, ते काठीकडे पाहत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. तेवढ्यात बस सुटली, वळण घेतलं, आणि मधे एक दुकानांची रांग आली.

चार महिन्यांनी ते कार्ड आलं. पायाचं काही न्हवतं. म्हणजे ते दोघं उडाले होते, आणि चाचा पडले नव्हते. कोण आधी पलीकडे गेलं, ते मारोतरावांनी लिहिलेलं नाही. ते स्वतः जिंकले असते, तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं.